जुन्या वाक्याचा नवा अर्थ
डेटाबेसच्या भाषेतील बदल आणि त्यांची पूर्वसूचना

एखाद्या सार्वजनिक ग्रंथालयाची सूची संगणकावर ठेवलेली आहे अशी कल्पना करू. ग्रंथपाल पडद्यावरील एका चौकटीत लेखकाचे आडनाव टंकित करतो आणि काही क्षणांतच त्या लेखकाच्या सर्व पुस्तकांची यादी त्याच्या समोर येते. आडनाव टंकित होणे आणि यादी समोर येणे या दोन घटनांच्या दरम्यान बरेच काही घडून गेलेले असते. ग्रंथपाल जी आज्ञावली वापरतो ती त्या आडनावाभोवती एक वाक्य रचते आणि ते वाक्य दुसऱ्या एका आज्ञावलीकडे पाठवते. या दुसऱ्या आज्ञावलीचे काम माहितीचा साठा नीट लावून ठेवणे आणि विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्यातून शोधून देणे हे असते. साठा आणि त्याची राखण करणारी ही यंत्रणा या दोहोंना मिळून आपण डेटाबेस असे म्हणतो.

ग्रंथपालाला ते वाक्य कधीच दिसत नाही. ज्याने ते लिहिले तो आज्ञावलीकार कदाचित दहा वर्षांपूर्वीच दुसरीकडे निघून गेलेला असतो. वाक्य मात्र दररोज शेकडो वेळा उच्चारले जात असते. इकडे डेटाबेसच्या नव्या आवृत्त्या निघत असतात. त्यांत नव्या सोयी असतात, जुन्या उणिवा दूर केलेल्या असतात आणि क्वचित भाषेचे नियमही बदललेले असतात. भाषेचा नियम बदलला तर दहा वर्षांपूर्वीच्या त्या वाक्याचे काय होईल, हा प्रस्तुत प्रकरणाचा विषय आहे. तो समजून घेण्यासाठी आपण एकाच बदलाचा इतिहास सविस्तर पाहणार आहोत. हा बदल एका विरामचिन्हाएवढा लहान होता. परंतु तो पूर्ण होण्यास सुमारे सहा वर्षे लागली.

भाषा आणि तिचे प्रमाण

डेटाबेसला प्रश्न विचारण्याच्या ज्या भाषा आहेत त्यांत एसक्यूएल ही सर्वांत अधिक प्रचलित आहे. तिचे मूळ आयबीएम कंपनीच्या सॅन होझे येथील प्रयोगशाळेत आहे. तेथील गणितज्ञ एडगर कॉड यांनी १९७० मध्ये माहितीची मांडणी परस्परसंबंधित कोष्टकांच्या रूपात करावी असा सिद्धांत मांडला. त्या सिद्धांताला अनुसरून डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये या भाषेचे पहिले रूप प्रसिद्ध केले. पुढे अनेक कंपन्यांनी ती स्वीकारली आणि प्रत्येकीने आपापल्या परीने तिच्यात भर घातली. तेव्हा सर्वांना समान असे प्रमाण असावे या हेतूने अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रमाणसंस्थेने १९८६ मध्ये आणि आंतरराष्ट्रीय प्रमाणसंस्थेने १९८७ मध्ये या भाषेचे प्रमाणरूप निश्चित केले.

या प्रमाणभाषेत एखादा मजकूर जसाच्या तसा द्यावयाचा असेल तर तो एकेरी अवतरणचिन्हांत द्यावा लागतो. पहिले चिन्ह आले की मजकूर सुरू झाला आणि दुसरे आले की तो संपला, असा साधा नियम आहे. परंतु मजकुरातच हे चिन्ह असेल तर? गोव्यात आणि वसईत आढळणारे डिसोझा हे आडनाव रोमन लिपीत लिहिताना पुष्कळदा पहिल्या अक्षरानंतर असे चिन्ह दिले जाते. ते तसेच लिहिले तर डेटाबेस मजकूर तेथेच संपला असे मानील आणि उरलेल्या अक्षरांचा अर्थ न लागल्याने वाक्य नाकारील. यावर प्रमाणभाषेने सुचवलेला उपाय असा, की मजकुरातील अवतरणचिन्ह लागोपाठ दोनदा लिहावे. दोन चिन्हे जोडून आली की त्यांचा अर्थ एक चिन्ह, हे यंत्राला कळते.

दुसरा उपाय एका वेगळ्याच परंपरेतून आला. डेनिस रिची यांनी १९७०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत निर्माण केलेल्या सी या भाषेत डावीकडून उजवीकडे खाली उतरणाऱ्या तिरप्या रेघेला विशेष अर्थ आहे. सोयीसाठी तिला आपण येथे उतरती रेघ म्हणू. ही रेघ पुढे येणाऱ्या अक्षराचा नेहमीचा अर्थ बदलते. तिच्यापुढे अवतरणचिन्ह आले तर ते मजकूर संपवणारे न राहता मजकुराचाच एक भाग होते. तिच्यापुढे रोमन एन हे अक्षर आले तर नवी ओळ सुरू होते. टी आले तर मोकळी जागा सुटते. सी भाषेत वाढलेल्या आज्ञावलीकारांना ही सवय इतकी अंगवळणी पडली होती, की त्यांनी रचलेल्या काही डेटाबेसमध्येही ती उतरली. पोस्टग्रेएसक्यूएल हा त्यांपैकी एक होय.

पोस्टग्रेएसक्यूएलचा उगम कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत, मायकेल स्टोनब्रेकर यांच्या नेतृत्वाखाली १९८६ मध्ये सुरू झालेल्या संशोधनात आहे. १९९४ मध्ये अँड्र्यू यू आणि जॉली चेन यांनी त्याला एसक्यूएल भाषा शिकवली आणि १९९६ मध्ये त्याला आजचे नाव मिळाले. तो कोणा एका कंपनीच्या मालकीचा नाही. देशोदेशीचे आज्ञावलीकार मिळून तो विकसित करतात. या डेटाबेसमध्ये उतरत्या रेघेचा सी भाषेतील अर्थ आरंभापासूनच चालत आला होता. प्रमाणभाषेच्या दृष्टीने मात्र उतरती रेघ हे इतर कोणत्याही चिन्हासारखे एक साधे चिन्ह आहे. या विसंगतीमुळे दुसऱ्या डेटाबेससाठी लिहिलेली वाक्ये येथे आणली तर त्यांचा अर्थ बदलत असे आणि येथील वाक्ये बाहेर नेली तरी तेच होत असे. ही विसंगती दूर करावी असे विकासकांनी ठरवले.

बदलाचे तीन प्रकार

त्यांनी पुढे काय केले हे पाहण्यापूर्वी बदलांचे प्रकार वेगळे करून घेणे उपयुक्त ठरेल.

पहिल्या प्रकारात भाषेत केवळ भर पडते. जे वाक्य पूर्वी अर्थहीन होते ते आता अर्थपूर्ण होते. जुन्या वाक्यांना धक्का लागत नाही. असे बदल निर्धोक असतात.

दुसऱ्या प्रकारात जुने वाक्य नाकारले जाते. मायएसक्यूएल या दुसऱ्या प्रसिद्ध डेटाबेसचे उदाहरण घेता येईल. त्याच्या २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ८.० या आवृत्तीत गुणानुक्रम लावण्याची नवी सोय आली आणि त्यासाठी 'रँक' हा शब्द राखीव झाला. ज्यांनी आपल्या कोष्टकातील एखाद्या स्तंभाला पूर्वीच 'रँक' असे नाव दिले होते, त्यांची वाक्ये नव्या आवृत्तीत अडू लागली. हा त्रास खरा आहे. पण तो लपून राहत नाही. वाक्य अडते, त्रुटीचा संदेश येतो आणि दुरुस्ती करावी लागते.

तिसऱ्या प्रकारात जुने वाक्य स्वीकारले जाते, परंतु त्याचा अर्थ पूर्वीहून भिन्न होतो. कोठेही त्रुटी दिसत नाही आणि काम सुरळीत चालल्याचा भास होतो. साठ्यात मात्र चुकीची माहिती जमा होत राहते. ती उघडकीस येईपर्यंत काही महिने लोटलेले असतात आणि खरी माहिती कोणती हे सांगण्याचा आधारही तोपर्यंत नाहीसा झालेला असतो. तीनही प्रकारांत हा सर्वाधिक घातक आहे हे उघड आहे, आणि उतरत्या रेघेचा बदल याच प्रकारात मोडणारा होता.

तो किती घातक ठरू शकला असता हे डिसोझा या नावावरूनच पाहू. समजा, एका आज्ञावलीकाराने अशी व्यवस्था केली आहे, की वापरणाऱ्याने टंकित केलेल्या मजकुरात जेथे जेथे अवतरणचिन्ह येईल तेथे तेथे आधी एक उतरती रेघ घालावी. जुन्या अर्थानुसार ही व्यवस्था ठीक होती. नवा अर्थ लागू होताच उतरती रेघ निरर्थक ठरते आणि तिच्या पुढचे चिन्ह मजकूर संपवून टाकते. डिसोझा हे नाव टंकित करणाऱ्या प्रामाणिक माणसाचे वाक्य अडेल आणि त्याला त्रुटीचा संदेश मिळेल. परंतु एखाद्या दुष्ट हेतूच्या माणसाने अवतरणचिन्हानंतर मुद्दाम डेटाबेसची एखादी आज्ञाच लिहिली, तर ती नावाचा भाग न राहता आज्ञा म्हणून पाळली जाईल. तो गुप्त माहिती बाहेर काढू शकेल किंवा संपूर्ण कोष्टक पुसून टाकू शकेल. म्हणजे जी आज्ञावली काल सुरक्षित होती ती, तिच्यातील एक अक्षरही न बदलता, आज असुरक्षित होईल. विकासकांपुढील अडचण हीच होती.

सहा वर्षांचा क्रम

हा बदल त्यांनी चार पायऱ्यांनी घडवून आणला आणि त्या पायऱ्यांचा क्रम विशेष लक्षात घेण्याजोगा आहे.

पहिली पायरी नोव्हेंबर २००५ मध्ये आलेल्या ८.१ या आवृत्तीची. तिच्यात जुन्या वाक्यांचा अर्थ मुळीच बदलला नाही. फक्त एका नव्या लेखनाची भर पडली. पहिल्या अवतरणचिन्हाच्या आधी रोमन ई हे अक्षर लिहिले, तर त्या मजकुरात उतरत्या रेघेचा सी भाषेतील अर्थच घेतला जाईल, आज आणि यापुढेही, असे ठरले. ज्याला तो जुना अर्थ हवा होता त्याला आता तो निःसंदिग्धपणे सांगण्याची सोय झाली. साध्या अवतरणचिन्हांतील मजकुराचा अर्थ पुढील एखाद्या आवृत्तीत प्रमाणभाषेप्रमाणे होईल, असेही त्याच वेळी जाहीर करण्यात आले. इशारा देण्याची यंत्रणा याच आवृत्तीत बसवली गेली. परंतु ती बंद ठेवलेली होती. ज्याला आपल्या वाक्यांची तपासणी करावयाची असेल त्याने ती स्वतः सुरू करावी, अशी अपेक्षा होती. कोणता अर्थ लागू आहे हे दाखवणारी एक खूणही या आवृत्तीपासून डेटाबेस आपल्याशी जोडल्या जाणाऱ्या प्रत्येक आज्ञावलीला सांगू लागला. ही खूण तेव्हा केवळ वाचता येत होती, बदलता येत नव्हती.

दुसरी पायरी डिसेंबर २००६ मधील ८.२ या आवृत्तीची. आता इशारे आपोआप दिले जाऊ लागले. साध्या अवतरणचिन्हांत उतरती रेघ दिसली, की वाक्य पूर्वीप्रमाणेच पाळले जाई. परंतु हे लेखन प्रमाणाला धरून नाही, ई या अक्षराचे लेखन वापरावे, अशा आशयाचा संदेश सोबत येई.

तिसरी पायरीही त्याच आवृत्तीत होती. अर्थ निवडण्याची कळ आता वापरणाऱ्याच्या हाती देण्यात आली. एखादी संस्था आपल्या एका डेटाबेसपुरता किंवा एका वापरकर्त्यापुरता नवा अर्थ लागू करून पाहू शकत होती आणि काही बिघडल्यास लगेच जुन्या अर्थाकडे परतू शकत होती.

चौथी पायरी सप्टेंबर २०११ मधील ९.१ या आवृत्तीची. काहीही न सांगितल्यास कोणता अर्थ घ्यावयाचा, एवढेच आता उलटे झाले. ज्यांनी काहीच केले नव्हते त्यांनाही नवा अर्थ लागू झाला. ज्यांची तयारी झाली नव्हती त्यांना कळ उलट फिरवून जुन्या अर्थाने काम चालू ठेवण्याची सवलत होती.

भारतीय वाचकांना या क्रमावरून आपल्या नाण्यांची आठवण होईल. १ एप्रिल १९५७ रोजी आपल्याकडे दशमान नाणेपद्धती सुरू झाली. तोवर रुपयाचे सोळा आणे आणि चौसष्ट पैसे होत. आता शंभर पैसे होऊ लागले. शब्द तोच, पण त्याचे मोल वेगळे, अशी स्थिती आली. घोटाळा टाळण्यासाठी नव्या नाण्यावर 'नया पैसा' असे छापण्यात आले आणि लोकांना सवय झाल्यावर १९६४ मध्ये 'नया' हा शब्द वगळण्यात आला. संधिकाळात दोन अर्थ एकत्र नांदत असतील तर त्यांपैकी एकाला तरी वेगळे चिन्ह असले पाहिजे, हे तत्त्व दोन्ही ठिकाणी सारखेच आहे. फरक इतकाच, की नाण्यांच्या बाबतीत चिन्ह नव्या अर्थाला दिले गेले आणि पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये ते जुन्या अर्थाला मिळाले. याचे कारणही उघड आहे. साधे, चिन्हरहित लेखन प्रमाणभाषेसाठी मोकळे करणे हाच तेथे बदलाचा हेतू होता.

इशारा कसा असावा

येथे इशाऱ्याच्या स्वरूपाचा थोडा विचार केला पाहिजे. इशारा आणि त्रुटी यांत भेद आहे. त्रुटी आली की काम थांबते. इशारा आला तरी काम पूर्ण होते. म्हणूनच इशाऱ्याकडे दुर्लक्ष करणे सोपे असते.

चांगल्या इशाऱ्याची पहिली कसोटी अशी, की तो योग्य तेथेच मिळावा. उतरत्या रेघेविषयीचा इशारा या कसोटीला बहुतांशी उतरला. जुन्या अर्थाखाली साध्या अवतरणचिन्हांत उतरती रेघ असलेले प्रत्येक वाक्य पुढे अर्थ बदलणार होते आणि ज्या वाक्यांत ती नव्हती त्यांचा अर्थ बदलणार नव्हता. ज्यांना इशारा मिळायला हवा नेमकी तीच वाक्ये यंत्र ओळखू शकत होते. ज्या इशाऱ्यांपैकी निम्मे खोटे ठरतात त्यांच्याकडे माणसे लवकरच पाहीनाशी होतात.

दुसरी कसोटी अशी, की इशाऱ्याबरोबर उपायही सांगितलेला असावा, आणि तो उपाय आजच्या आणि उद्याच्या अशा दोन्ही आवृत्त्यांत सारखाच लागू पडावा. ई या अक्षराची सोय इशाऱ्याच्या आधी करण्यात आली ती यासाठीच. डिसोझाच्या बाबतीत तर आणखी सोपा मार्ग होता. अवतरणचिन्ह दोनदा लिहिण्याची प्रमाणरीत पोस्टग्रेएसक्यूएलला आधीपासूनच मान्य होती. ती स्वीकारणाऱ्याला कोणत्याही आवृत्तीची काळजी करण्याचे कारण नव्हते. उपाय नसताना दिलेला इशारा म्हणजे केवळ धास्ती होय.

तिसरी कसोटी काळाची. इशारा वाक्य उच्चारले जाते तेव्हाच मिळतो. बँकेत किंवा शाळेच्या कार्यालयात काही आज्ञावल्या वर्षातून एकदाच, मार्चअखेरीस किंवा निकालाच्या वेळी चालवल्या जातात. अशा वाक्यांवर इशारा मिळण्यासाठी निदान एक पूर्ण वर्ष जावे लागते आणि दुरुस्तीची संधी मिळण्यासाठी आणखी एक. २००६ ते २०११ हा काळ वरवर पाहता दीर्घ वाटतो. पण त्यात मार्चअखेर जेमतेम पाच वेळा येते.

इशाऱ्याच्या मर्यादाही ध्यानात घ्याव्या लागतील. अनेक ठिकाणी इशारे नोंदवहीत जमा होत राहतात आणि ती कोणीही उघडत नाही. काही ठिकाणी ज्याला इशारा दिसतो त्याच्या हाती आज्ञावली बदलण्याचा अधिकार नसतो. ती बाहेरून विकत घेतलेली असते. हजारो इशाऱ्यांनी नोंदवही भरून जाऊ लागली, की दुरुस्ती करण्याऐवजी इशारेच बंद करण्याचा मोह होतो आणि तशी कळही उपलब्ध होती. इशारा देणाऱ्याचे कर्तव्य त्यामुळे संपते, पण वाक्य दुरुस्त होत नाही.

जेव्हा वेळ नसतो

या संथ क्रमात एकदा खंड पडला. संगणक प्रत्येक अक्षर अंकांच्या रूपात साठवतो. उतरत्या रेघेचा अंक ९२ आहे. जपानी आणि चिनी लिप्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या काही संकेतपद्धतींत एका अक्षरासाठी दोन अंक लागतात आणि त्यांपैकी दुसरा अंक ९२ असू शकतो. आता असे समजा, की दुष्ट हेतूच्या माणसाने अवतरणचिन्हाच्या आधी अशा जोडअंकांपैकी केवळ पहिला अंक पाठवला. या पद्धतीची जाण नसलेली आज्ञावली आपल्या सवयीप्रमाणे अवतरणचिन्हापूर्वी उतरती रेघ, म्हणजे ९२ हा अंक, घालते. डेटाबेस मात्र आधीचा अंक आणि ९२ मिळून एक अक्षर असे वाचतो. संरक्षणासाठी घातलेली रेघ त्या अक्षरात गडप होते आणि अवतरणचिन्ह उघडे पडते.

हा दोष लक्षात येताच मे २००६ मध्ये पोस्टग्रेएसक्यूएलच्या विकासकांनी त्या वेळी चालू असलेल्या चारही शाखांसाठी दुरुस्त्या प्रसिद्ध केल्या. अशा संकेतपद्धती वापरात असताना अवतरणचिन्हापूर्वी उतरती रेघ आलेली वाक्ये यापुढे नाकारली जातील, असे ठरले. येथे आधी इशारा, मग मुदत, मग बदल हा क्रम पाळला गेला नाही आणि तो पाळणे योग्यही नव्हते. दोष जाहीर झाल्यानंतर मुदत देणे म्हणजे हल्लेखोरालाच मुदत देणे ठरले असते. परंतु या घाईतही एक मर्यादा सांभाळली गेली. बंदी ज्या संकेतपद्धतींत खरा धोका होता तेवढ्यांपुरतीच ठेवली गेली आणि सरसकट बंदी हवी की मुळीच नको हे ठरवण्याची कळ संस्थांच्या हाती राहिली. शिवाय वाक्याचा अर्थ न बदलता ते नाकारण्यात आले. तिसऱ्या प्रकारच्या धोक्याऐवजी दुसऱ्या प्रकारचा त्रास पत्करला गेला.

इशाऱ्याविना झालेला बदल

फेब्रुवारी २००८ मधील ८.३ या आवृत्तीने आणखी एक बदल केला. तोपर्यंत तारीख, संख्या इत्यादी मूल्यांचे गरजेनुसार मजकुरात आपोआप रूपांतर होत असे. ही सोय वाटते. पण तिचे परिणाम विचित्र होत. समजा, एखाद्याने आजची तारीख ३१ डिसेंबर २००९ च्या आधीची आहे काय, असे विचारताना तारखेभोवतीची अवतरणचिन्हे विसरून २००९-१२-३१ असे लिहिले. यंत्राच्या दृष्टीने ती वजाबाकी होय आणि तिचे उत्तर १९६६. तारीख आणि संख्या यांची तुलना करता येत नाही म्हणून यंत्र दोहोंचे मजकुरात रूपांतर करी आणि शब्दकोशातील क्रमाप्रमाणे त्यांची तुलना करी. २ने सुरू होणारा मजकूर १ने सुरू होणाऱ्या मजकुरानंतर येतो, म्हणून एकविसाव्या शतकातील कोणत्याही तारखेला उत्तर 'नाही' असेच येई. त्रुटी कोठेच दिसत नसे.

८.३ने हे आपोआप होणारे रूपांतर बंद केले. परिणामी अशी वाक्ये अडू लागली. त्यांच्याबरोबर पुष्कळ निरुपद्रवी वाक्येही अडली. संख्येला मजकुराप्रमाणे वागवणाऱ्या जुन्या आज्ञावल्या अनेक होत्या आणि त्यांच्या कर्त्यांना रूपांतर स्पष्टपणे लिहून देण्याचे कष्ट पडले. आधी एखाद्या आवृत्तीत इशारे दिले असते तर हे कष्ट विभागले गेले असते, हे म्हणणे रास्त आहे. परंतु या बदलाची दिशा उतरत्या रेघेच्या बदलाहून वेगळी होती. येथे मूक चुकीचे रूपांतर उघड त्रुटीत झाले. ज्याचे वाक्य अडले त्याला निदान आपले वाक्य कोठे आहे हे कळले आणि काहींना आपली जुनी उत्तरे चुकीची होती हेही प्रथमच कळले.

न बदलण्याचा मार्ग

सर्वच डेटाबेस हा मार्ग धरत नाहीत. रिचर्ड हिप यांनी निर्माण केलेला आणि २००० मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेला एसक्यूलाइट हा आज असंख्य भ्रमणध्वनींत वापरला जातो. प्रमाणभाषेत दुहेरी अवतरणचिन्हे स्तंभाच्या नावासाठी आणि एकेरी चिन्हे मजकुरासाठी असतात. एसक्यूलाइटमध्ये मात्र दुहेरी चिन्हांतील शब्दाशी जुळणारा स्तंभ सापडला नाही, तर त्यालाच मजकूर मानले जाते. त्या काळी लोकप्रिय असलेल्या मायएसक्यूएलशी जुळते घ्यावे म्हणून ही सवलत ठेवली गेली होती. तिचा तोटा असा, की स्तंभाचे नाव लिहिताना एखादे अक्षर चुकले तरी त्रुटी न येता भलतेच उत्तर येते.

ही चूक होती हे विकासकांनी मान्य केले आहे. तरीही त्यांनी ती सवलत सरसकट काढून टाकलेली नाही. त्यांची अडचण समजण्याजोगी आहे. एसक्यूलाइटमध्ये कोष्टकाची रचना सांगणारे वाक्य माहितीच्या धारिकेतच लिहून ठेवलेले असते. असे लेखन अमान्य केले तर ज्यांत ते आहे त्या जुन्या धारिका उघडणेच कठीण होईल. म्हणून २०१९ मध्ये त्यांनी मध्यम मार्ग स्वीकारला. फेब्रुवारीतील आवृत्तीपासून अशा वापराबद्दलचा इशारा त्रुटींच्या नोंदवहीत जाऊ लागला आणि जुलैतील आवृत्तीत ही सवलत बंद करण्याची कळ देण्यात आली. नवे काम सुरू करणाऱ्याने ती वापरावी आणि जुन्याला त्रास होऊ नये, असा त्यामागील विचार आहे.

समारोप

या चार उदाहरणांवरून काही निष्कर्ष काढता येतात. बदल करावा की नाही हा पहिला प्रश्न असला तरी, केल्यावर जुने वाक्य काय करील हा त्याहून महत्त्वाचा प्रश्न आहे. ते अडणार असेल तर मुदत थोडी असली तरी चालू शकते. ते मुकाट्याने अर्थ बदलणार असेल तर आधी दोन्ही काळांत एकच अर्थ देणारे लेखन उपलब्ध करून दिले पाहिजे, त्यानंतर इशारा दिला पाहिजे, मग निवडीची कळ वापरणाऱ्याच्या हाती सोपवली पाहिजे आणि शेवटी नवा अर्थ सर्वांना लागू केला पाहिजे. यांतील कोणतीही पायरी गाळली तर तिचा भार अशा माणसावर पडतो, ज्याला बदल झाल्याची वार्ताही नसते.

दुसऱ्या बाजूने, आज्ञावली लिहिणाऱ्यांसाठीही यात एक धडा आहे. वापरणाऱ्याने दिलेला मजकूर स्वतः वाक्यात गुंफण्याऐवजी वाक्य आणि मजकूर हे वेगवेगळे पाठवण्याची सोय आज बहुतेक सर्व डेटाबेसमध्ये आहे. तसे केले तर मजकुरातील अवतरणचिन्हाला किंवा उतरत्या रेघेला कोणताच विशेष अर्थ उरत नाही आणि त्याविषयीचे नियम बदलले तरी बाधा येत नाही. ज्यांनी २००५ पूर्वीच ही रीत अंगीकारली होती, त्यांच्या अशा वाक्यांना पुढील सहा वर्षांत एकही इशारा मिळाला नाही.

आणि ज्यांच्याकडे जुन्या आज्ञावल्या सांभाळण्याचे काम आहे त्यांनी, मग ते ग्रंथालयात असोत की कचेरीत, नवी आवृत्ती बसवण्यापूर्वी इशाऱ्यांची नोंदवही एकदा उघडून पाहावी. दहा वर्षांपूर्वी निघून गेलेल्या आज्ञावलीकाराला आता काही विचारता येणार नाही. त्याच्या वाक्यांपैकी कोणती उद्या वेगळे बोलू लागतील हे त्या नोंदवहीत आजच लिहिलेले असण्याचा संभव आहे.